गजकर्णाची नस्ती

प्रशासनशास्त्राच्या ग्रंथांत न सापडणारा एक नियम मला सेवेच्या पहिल्या काही वर्षांतच उमगला. ज्या प्रश्नाला एक विभाग जबाबदार असतो, तो उशिरा का होईना मार्गी लागतो. दोन विभाग असतील तर पत्रव्यवहार सुरू होतो. आणि तीन विभाग असतील तर नस्तीच उघडली जात नाही, कारण ती कोणी उघडायची हे ठरवणे कोणाच्याच अधिकारकक्षेत नसते. मधुमेही माणसाच्या त्वचेला होणारा बुरशीचा संसर्ग हा या तिसऱ्या वर्गातला प्रश्न आहे.

वैद्यकाच्या विषयात सनदी अधिकाऱ्याने नाक का खुपसावे, असे काही वाचक विचारतील. उत्तर सरळ आहे. या रोगाचे निदान अवघड नाही, त्यावरील औषधे अज्ञात नाहीत, आणि बहुतांश रुग्णांच्या बाबतीत ती महागही नाहीत. तरीही माणसे वर्षानुवर्षे खाजवत राहतात, त्यांतल्या काहींची बोटे जातात, काहींचे प्राणही जातात. जेथे विज्ञान कमी पडत नाही आणि माणूस तरीही मरतो, तेथे अपयश प्रशासनाचे असते. ते डॉक्टरांच्या माथी मारून आम्ही मोकळे होऊ शकत नाही.

आधी रोगाविषयी थोडे. गजकर्ण, नायटा, चिखल्या ही नावे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत. पावसाळ्यात चिखलात उभे राहून भातलावणी करणाऱ्यांच्या पायांच्या बेचक्या पांढुरक्या पडून चिरतात, त्याला आपल्याकडे चिखल्या म्हणतात. निरोगी माणसाला हे दुखणे त्रास देते, घाबरवत नाही. मधुमेह्याची गोष्ट वेगळी. रक्तातील साखर सतत वाढलेली असली की जंतूंशी आणि बुरशीशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, लहान रक्तवाहिन्यांतील पुरवठा घटतो, आणि पायांच्या नसा बधिर झाल्यामुळे चीर पडलेली कळतच नाही. मग बेचकीतली ती चीर जंतूंना दार उघडून देते. पाय सुजतो, लाल होतो, ताप येतो. चिखल्यांपासून सुरू झालेली ही वाट कधी शस्त्रक्रियागृहात अंगठा कापण्यापाशी येऊन थांबते. जांघेत, स्तनांखाली, नखांच्या मुळाशी आणि जननेंद्रियांवर होणारा कँडिडाचा संसर्ग तर अनेकदा मधुमेहाची पहिली खूण असतो. साखर कधीच न मोजलेल्या माणसाला त्याची त्वचा आधी सांगत असते, आणि ते ऐकायला कोणी नसते.

आणि या साखळीच्या दुसऱ्या टोकाला म्युकरमायकोसिस आहे. २०२१ मध्ये 'काळी बुरशी' या चुकीच्या नावाने तो घराघरांत पोहोचला. बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते, पुढची ऊती मरते आणि ते मेलेले मांस काळे दिसते. नाक, डोळा आणि मेंदूकडे जाणाऱ्या प्रकाराची तेव्हा चर्चा झाली. पण हाच रोग त्वचेतूनही शिरतो: अपघाताच्या जखमेतून, भाजलेल्या जागेतून, अस्वच्छ इंजेक्शनच्या जागेतून. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉ. अरुणालोक चक्रबर्ती आणि त्यांचे सहकारी कोविडच्या कितीतरी आधीपासून लिहीत होते की भारतात हा रोग जगाच्या तुलनेत फार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि त्यामागचे मुख्य कारण अनियंत्रित मधुमेह आहे. ते लेख वैद्यकीय नियतकालिकांत होते. मंत्रालयांच्या टेबलांवर नव्हते.

मधुमेह्यांची संख्या किती? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे १० कोटी १० लाख. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत, जेथे बुरशीला अंथरूण आयते मिळते, तेथे दर चार प्रौढांमागे एक मधुमेही. या एका आकड्यावरून त्वचारोगाचा स्वतंत्र कार्यक्रम उभा राहायला हवा होता.

आता त्या ट्यूबकडे येतो. कारण माझे मुख्य भांडण तिच्याशी आहे.

देशाच्या कोणत्याही शहरात, तालुक्याच्या कोणत्याही बसस्थानकासमोर औषधाच्या दुकानात जाऊन 'खाज येते' एवढे म्हटले की काउंटरवर एक ट्यूब येते. उत्तरेत 'दाद' म्हणा, दक्षिणेत त्या त्या भाषेत म्हणा, ट्यूब तीच. तिच्यात बुरशी मारणारे एक औषध असते, जंतू मारणारे एक असते, आणि त्यांच्यासोबत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे तीव्र स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, लाली ओसरते. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश. पण स्टेरॉइड त्वचेची प्रतिकारशक्ती दाबते, आणि तिच्या आडोशाला बुरशी निवांत पसरते. ट्यूब थांबवली की दुप्पट खाज. मग पुन्हा ट्यूब. काही महिन्यांत चट्ट्याचे मूळ रूप इतके बदलते की त्वचारोगतज्ज्ञालाही ते पाहताक्षणी ओळखता येत नाही. मांडीवरची त्वचा कागदासारखी पातळ होते, तिच्यावर पांढुरके पट्टे उमटतात आणि ते आयुष्यभर जात नाहीत.

मधुमेह्याच्या बाबतीत यात आणखी एक क्रूरता आहे. क्लोबेटासोलसारखे जहाल स्टेरॉइड मोठ्या भागावर दीर्घकाळ चोळले तर ते त्वचेतून रक्तात जाते आणि साखर वाढवू शकते. म्हणजे ज्या साखरेमुळे बुरशी माजली, तीच साखर बुरशीचे म्हणून विकलेले मलम वाढवते. यापेक्षा उलट्या काळजाचे औषध एखाद्या शत्रूलाही सुचले नसते.

हे बेकायदेशीर नाही काय? वाचकहो, येथे आमच्या व्यवस्थेची खरी गंमत आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालील नियम १९४५ चे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांची यादी म्हणजे अनुसूची एच. त्वचेवर लावायच्या औषधांना या अनुसूचीच्या टिपेत फार काळ मोकळीक होती, आणि ती मोकळीक या स्टेरॉइडांनी पुरेपूर उपभोगली. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचना काढून लावायच्या स्टेरॉइडांना चिठ्ठीच्या बंधनात आणले. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेला स्वतंत्र कृतिगट नेमून काही वर्षे आवाज उठवावा लागला. कागदावर प्रश्न सुटला. दुकानात ट्यूब तशीच मिळते.

मिश्रण-औषधांची कहाणी याहून लांब आहे. केंद्राची मान्यता न घेता राज्यांच्या परवाना अधिकाऱ्यांनी शेकडो मिश्रणांना उत्पादन परवाने दिले, हे संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०१२ मध्ये स्पष्ट शब्दांत मांडले. मग २०१४ मध्ये प्रा. चंद्रकांत कोकाटे यांच्या अध्यक्षतेखाली समिती. तिच्या कामाच्या आधारे मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण औषध तांत्रिक सल्लागार मंडळाकडे सोपवले. मंडळाने डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी आली. त्यांत स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र कोंबलेली काही मलमेही होती. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणे वगळली गेली. आणि दुकानात? एक घटक गाळायचा, दुसरा घालायचा, खोके नवे छापायचे. बंदी असते ती विशिष्ट मिश्रणावर. कल्पनेवर बंदी नसते. एकेक सूत्र पकडून बंद करण्याची ही पद्धत म्हणजे घरात शिरणाऱ्या उंदरांना क्रमांक देऊन त्यांच्या नावे नोटिसा काढण्यासारखी आहे.

दुकाने तपासणार कोण? डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ मध्येच सांगितले होते की दर दोनशे विक्री-दुकानांमागे एक औषध निरीक्षक हवा. ज्या राज्यांत मी काम केले तेथे एकेक निरीक्षक दोन-दोन जिल्हे सांभाळताना मी पाहिला आहे, आणि त्यातही न्यायालयाच्या तारखा, नमुने पाठवणे, मंत्र्यांचे दौरे. अशा माणसाने बसस्थानकासमोरच्या दुकानात बसून चिठ्ठ्या मोजाव्यात ही अपेक्षा करणारा एकतर भोळा असतो, किंवा त्याला काही करायचेच नसते. (माशेलकर, कोकाटे, क्षीरसागर: आपल्या कानाला ही नावे घरची वाटतात आणि परप्रांतात आपण ती अभिमानाने सांगतो. अहवाल अंमलात आणण्याची वेळ आली की मात्र तो अभिमान कोठे जातो, कळत नाही.)

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. खेड्यात डॉक्टर नाही. औषध विक्रेता हाच गरिबाचा डॉक्टर. चिठ्ठीची सक्ती कराल तर गरिबाने खाजवतच बसावे काय? माझे उत्तर असे की स्टेरॉइड नसलेले साधे क्लोट्रिमॅझोल मलम राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहे, त्याची कमाल किंमत शासन ठरवते. ते प्रत्येक उपकेंद्रात, प्रत्येक जन औषधी दुकानात मुबलक ठेवा. गरिबाला औषध मिळावे म्हणून त्याला विष मिळण्याची सोय कायम ठेवा, हा युक्तिवाद गरिबाच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही. तो नेहमी ज्यांचा माल खपतो त्यांच्या तोंडून ऐकला.

आता निदान. ज्याला आम्ही 'मागास भागात शक्य नाही' म्हणून निकालात काढतो ते निदान असे आहे: चट्ट्याच्या कडेवरचे खवले बोथट पात्याने काचपट्टीवर खरवडायचे, त्यावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकायचा, वर पातळ काच ठेवायची, काही मिनिटे थांबायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. त्वचेच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि बुरशीचे तंतू उरतात. नखाला अधिक तीव्र द्रावण आणि अधिक वेळ लागतो, एवढाच फरक. स्टेरॉइडने विद्रूप झालेल्या चट्ट्यात तर तंतू अनेकदा उलट जास्तच दिसतात. डोळ्याला फसवणारा चट्टा काचपट्टीला फसवू शकत नाही. काचपट्टी एकदा नकारात्मक आली म्हणून बुरशी नाहीच असे ठरत नाही, हेही खरे. पण सध्या आपण एकदाही पाहत नाही.

सूक्ष्मदर्शक कोठून आणायचा? तो आहेच. क्षयरोगाच्या थुंकीतपासणीसाठी आणि हिवतापाच्या रक्तपट्टीसाठी देशाने गेली अनेक दशके प्राथमिक केंद्रांत सूक्ष्मदर्शक दिले, तंत्रज्ञ घडवले. क्षयासाठी आता रेणवीय चाचण्यांची यंत्रे येत आहेत, तसतसा त्या सूक्ष्मदर्शकाचा वेळ मोकळा होत आहे. कित्येक केंद्रांत मी त्यावर प्लास्टिकचे झाकण आणि झाकणावर धूळ पाहिली. रसायनाचा खर्च प्रत्येक तपासणीमागे इतका किरकोळ की त्याचा प्रस्ताव करायला लागणारा कागद महाग पडेल. कदाचित म्हणूनच तो प्रस्ताव होत नाही. जो खर्च लाखांत नसतो त्याकडे आमची यंत्रणा खरेदी म्हणून पाहत नाही.

मध्य भारतातील एका जिल्ह्याच्या आढावा बैठकीत मी हा विषय कार्यसूचीवर घेतला होता. असंसर्गजन्य रोग कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले, 'सर, आमच्याकडे साखर आणि रक्तदाब. त्वचा आमच्या नमुन्यात नाही.' प्रयोगशाळेचे प्रभारी म्हणाले, 'मागणीपत्र आले तर करू. मागणीपत्र कधी आलेले नाही.' औषध निरीक्षकांनी उभे राहून अत्यंत नम्रपणे निवेदन केले की दुकानांविरुद्ध एकही तक्रार प्राप्त नाही. तिघेही खरे बोलत होते. तिघांचेही मासिक विवरण शंभर टक्के होते. उपकेंद्रांमधून आशा कार्यकर्ती जो तपासणी-अर्ज भरतात त्यात कुष्ठरोगाच्या दृष्टीने बधिर चट्ट्याविषयी प्रश्न आहेत. म्हणजे कार्यकर्ती माणसाच्या त्वचेविषयी विचारतेच. त्याच अर्जावर 'जांघेत, बोटांच्या बेचक्यांत खाज किंवा चट्टा आहे काय, आणि त्यावर कोणती ट्यूब लावता' एवढा एक प्रश्न वाढवावा असे टिपण मी वर पाठवले. उत्तर आले की अर्जाचा नमुना राष्ट्रीय आहे, जिल्हा स्तरावर बदल अनुज्ञेय नाही. उत्तर नियमाला धरून होते. एकेका जिल्ह्याने राष्ट्रीय नमुना मोडू नये हे मलाही पटते. पण राष्ट्रीय नमुना ज्यांच्या हाती आहे त्यांनी तो प्रश्न घालू नये, याला नियम नाही.

त्याच जिल्ह्यात एका पंचायतीचा शिपाई दोन वर्षे जांघेतल्या आणि कमरेवरच्या गजकर्णावर ट्यूब लावत होता. दुकानदाराने ती बदलून दिली, पुन्हा बदलून दिली. या दोन वर्षांत कोणीही त्याच्या बोटातून रक्ताचा एक थेंब काढला नाही. मग आठवडी बाजारात एका अपात्र इसमाने 'खाजेचे इंजेक्शन' म्हणून कमरेखाली सुई टोचली. चार दिवसांत ती जागा जांभळी, मग मध्यभागी काळी. गावात गळू समजून पोटीस बांधले. वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचला तेव्हा साखर चारशेच्या वर होती. तेथील निवासी डॉक्टरने काळ्या भागाचा तुकडा काढून त्याच पोटॅशियम हायड्रॉक्साइडखाली पाहिला: रुंद, फितीसारखे, जवळजवळ पडदेच नसलेले तंतू. म्युकर. त्या मुलीने दोन दिवसांचा कल्चर-अहवाल येण्याची वाट पाहिली नाही, आणि ते बरोबर होते. या रोगात दोन दिवस म्हणजे हातभर मांस. तीन वेळा मेलेली ऊती कापावी लागली. तो वाचला. बसताना त्याला आजही एका कुशीवर कलून बसावे लागते. पंचायतीतल्या त्याच्या रजेच्या अर्जावर कारण 'फोडा' असे लिहिले होते, आणि शासनाच्या कोणत्याही आकडेवारीत तो तेवढाच राहिला.

म्युकरवरच्या उपचारात तीन गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात: मेलेली ऊती निर्दयपणे कापणे, शिरेतून ॲम्फोटेरिसिन देणे आणि साखर व रक्तातील आम्लता ताळ्यावर आणणे. एकीवर भागत नाही. व्होरिकोनॅझोलसारखे इतर बुरशींवर उत्तम चालणारे औषध येथे निरुपयोगी ठरते, म्हणून बुरशी कोणती हे पाहणे हा हौसेचा भाग नव्हे. ॲम्फोटेरिसिनचे जुने रूप मूत्रपिंडांना घातक. मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत बंद केलेले लिपोसोमल रूप पुष्कळ सौम्य. हे रूप भारतातच तयार व्हावे यासाठी दिल्ली विद्यापीठातील प्रा. बी. के. बच्छावत आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातील त्याच डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी काम केले आणि ते यशस्वी केले. म्हणजे ज्या देशाने स्वतःच्या प्रयोगशाळेत हे औषध घडवले होते, त्याच देशात २०२१ च्या मे महिन्यात नातेवाईक एकेका कुपीसाठी शहरे पालथी घालत होते.

त्या महिन्यांत शासन काय करू शकते तेही आपण पाहिले. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा रोग १८९७ च्या साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. कुप्यांचे राज्यनिहाय वाटप सुरू झाले. १२ जूनला वस्तू व सेवा कर परिषदेने ॲम्फोटेरिसिनवरचा कर शून्यावर आणला. जुलैमध्ये संसदेत सांगितले गेले की ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि ४,३०० हून अधिक दगावले. आठवड्यांत नोंद, पुरवठा, कर, अहवाल! ज्यांना 'यंत्रणा हलत नाही' अशी सबब द्यायची सवय आहे त्यांनी हे दिवस विसरू नयेत. आणि ज्या तीन गोष्टींनी तो उद्रेक घडवला, न मोजलेली साखर, बेहिशेबी स्टेरॉइड आणि उशिरा केलेले निदान, त्याच तीन गोष्टी रोजच्या गजकर्णामागेही आहेत. उद्रेक ओसरला आणि नोंदवह्या बंद झाल्या. साथीसाठी जागणारे शासन रोजच्या रोगासाठी झोपते, कारण रोजच्या रोगाला पत्रकार परिषद नसते.

दरम्यान बुरशी बदलली आहे. मागील दहा-बारा वर्षांत आपल्याकडचे गजकर्ण पूर्वीचे राहिले नाही. चिवट झाले, घरभर पसरू लागले, टर्बिनाफिनला दाद देईनासे झाले. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी या बुरशीला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव दिले: ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच आपला देश आहे. ही आपली निर्यात झाली. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्कमधील दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तीव्र स्टेरॉइडांच्या मिश्रणांचा आणि अर्धवट उपचारांचा या चिवटपणात हात आहे, असे आपल्याकडचे तज्ज्ञ सातत्याने म्हणत आले आहेत.

टर्बिनाफिन चालेना म्हणून इट्राकोनॅझोल आठवडेच्या आठवडे दिले जाते, आणि येथे मधुमेह्याच्या औषधांच्या पिशवीशी त्याची गाठ पडते. कोलेस्टेरॉलसाठीच्या सिमव्हास्टॅटिनसोबत ते देऊ नये. हृदय दुर्बल असेल तर जपावे. आणि आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीत सवयीने लिहिली जाणारी आम्लपित्ताची गोळी कॅप्सूलचे शोषणच कमी करते. फ्लुकोनॅझोल घेतले तर ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम वाढून साखर एकाएकी खाली जाऊ शकते. यांत भर म्हणजे लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या ग्लिफ्लोझिन वर्गातील गोळ्या. डापाग्लिफ्लोझिनचे एकस्व ऑक्टोबर २०२० मध्ये संपले, एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये, आणि किमती कोसळल्या. हृदय व मूत्रपिंडांसाठी ही औषधे मोलाची आहेत, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण जननेंद्रियांवर कँडिडा होणे हा त्यांचा परिचित दुष्परिणाम, आणि तो सांगायला ना डॉक्टरकडे वेळ असतो ना रुग्णाकडे धीर. बायका तर अशी गोष्ट घरातही बोलत नाहीत. मग लाज झाकायला पुन्हा तीच ट्यूब.

माझी मागणी फार नाही. तीव्र स्टेरॉइड आणि बुरशीनाशक यांचे एकत्र मलम ही संपूर्ण वर्गवारीच, सूत्र कोणतेही असो, बाजारातून काढावी. एकेक खोके पकडत बसू नये. ते होईपर्यंत लावायची तीव्र स्टेरॉइडे अनुसूची एच-१ मध्ये टाकावीत, म्हणजे दुकानदाराला रुग्णाच्या नावासह स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे ठेवावी लागेल. तपासनीस कमी असले तरी नोंदवही बोलते. आयुष्मान आरोग्य मंदिरात गजकर्ण दाखवायला आलेल्या प्रत्येक प्रौढाची साखर मोजावी आणि साखर दाखवायला आलेल्याचे मोजे-चपला काढून बेचक्या पाहाव्यात. प्राथमिक केंद्राच्या मासिक विवरणात बुरशीच्या काचपट्ट्यांचा एक रकाना असावा. रकान्यावर हसणाऱ्यांनी हसावे. आमच्या यंत्रणेत ज्याचा रकाना नाही ते अस्तित्वात नाही, हे मी तीन राज्यांत पाहिले आहे. आणि जिल्हाधिकाऱ्याने त्या तीन अधिकाऱ्यांना तीन वेगवेगळ्या दिवशी न बोलावता एकाच दिवशी एका टेबलाशी बसवावे. याला कोणाची परवानगी लागत नाही.

या पानाचे बरेचसे वाचक महाराष्ट्राबाहेर, काही देशाबाहेर आहेत. पुण्याहून किंवा बडोद्याहून येणाऱ्या पाहुण्याला 'येताना ती खाजेची ट्यूब आण, इथे चिठ्ठीशिवाय मिळत नाही' असे सांगणारी घरे मला दुबईतही भेटली आणि न्यू जर्सीतही. तिथे ती चिठ्ठीशिवाय का मिळत नाही, याचा विचार त्या घरांनी करावा. ट्यूबच्या खोक्यावरची बारीक अक्षरे वाचा; घटकांत 'सोल' किंवा 'सोन' ने संपणारे नाव दिसले तर ते बहुधा स्टेरॉइड आहे. बरेच दिवस लावत असाल तर मनाने अचानक थांबवू नका, आणि डॉक्टरकडे जाताना ते खोके सोबत न्या, लपवू नका. त्याशिवाय त्याला चट्टा कळणार नाही. खवल्यांची काचपट्टी बघा असे स्पष्ट सांगा. मधुमेह असेल आणि सुई टोचलेल्या किंवा खरचटलेल्या जागी त्वचा काळी पडत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वेळ ठरवू नका. त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठा.